साडेअकराची रिकामी जागा

तिला सगळे होयबाई म्हणत. खरं नाव होतं, पण ते शेवटचं कोणी वापरलं हे तिलाही आठवत नसे. जन्मल्यावर बाकीची बाळं रडतात. ही म्हणे सुईणीकडे बघून मान डोलावती झाली. तेव्हापासून तिच्या तोंडून नकार म्हणून बाहेर पडला नाही. शेजारीण म्हणाली, "आठवडाभर मांजर सांभाळशील?" होय. दुसरी म्हणाली, "मग आमचंही?" होय. एका उन्हाळ्यात तिच्या खोलीत इतकी मांजरं झाली की उंदरांनी गल्ली सोडून बाजारापलीकडे बिऱ्हाड हलवलं. तिकडची माणसं हिच्याच दारात आली. म्हणाली, बाई, तुमचे उंदीर परत घ्या. तिनं म्हटलं, होय.

नोकऱ्या अशाच गेल्या. शिंप्याच्या दुकानात तिनं येईल त्याला "उद्या देते" सांगितलं. तो उद्या उजाडला तेव्हा शिंपी मागच्या खिडकीतून गेला तो आजवर त्या रस्त्यानं फिरकला नाही. केकच्या दुकानात तिनं सगळ्यांना पाचची वेळ दिली. पाच वाजता दुकानात जी झुंबड उडाली, तीत मालक स्वतःच दोन केकच्या मधे चपटा होता होता वाचला.

त्यामुळे दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बाईमाणूस हवंय असं कळून ती निघाली, तेव्हा वहिनी दारातूनच म्हणाली, "वन्सं, तिथं तरी टिका. या भागातली दुकानं संपली आता."

होयबाई भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. वहिनी मनानं वाईट नव्हती. जिभेला हाड नसतं म्हणतात, वहिनीच्या जिभेला मात्र अख्खा कणा होता, एवढंच. पण या खेपेला होयबाईनं मनाशी गाठ मारली होती. काय वाटेल ते होवो, ही खुर्ची सोडायची नाही.

दवाखाना तसा लहान. आत डॉक्टरीणबाई आणि त्यांची एकच खुर्ची, बाहेर बाकं, आणि दाराशी टेबल. त्या टेबलामागे मोठ्या मावशी बसत. दाराला बिजागरी बसायच्या आधीपासून बसलेल्या आहेत, असं लोक सांगत. आता गुडघे ऐकेनात म्हणून त्या येत्या शनिवारी काम कायमचं सोडणार होत्या. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच सकाळी हातमोजे चढवता चढवता सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत शिका. शनिवारचा दिवस तुम्ही एकटीनं चालवायचा, मावशी फक्त बघतील. चालला तर खुर्ची तुमची. नाही चालला तर मला दुसरं कोणी शोधावं लागेल. रागावू नका, आत हात तोंडात असतात, बाहेर कोणी तरी खंबीर लागतं."

मावशींची ख्याती अशी, की फोनवर नुसतं "हॅलो" ऐकून त्या दाढ सांगत. एकदा चुकीचा नंबर लागून एका माणसाचा फोन आला. त्याला गळका नळ दुरुस्त करणारा हवा होता. मावशी म्हणाल्या, "नळाचं मला माहीत नाही, पण तुमची वरची डावी शेवटची, परवा ठणकेल." परवा तो गाल धरून हजर. नळ म्हणे तसाच गळत राहिला.

होयबाईला त्यांनी शिकवायला घेतलं ते पेन काढून हातात पेन्सिल देऊन. "वही पेन्सिलनं. माणसं बदलतात, वेळा बदलतात. नंबर घेतला की त्याला परत वाचून दाखवायचा. औषधाची ॲलर्जी विचारायची, विसरायचं नाही. आणि 'अजिबात दुखणार नाही हं' असं चुकूनसुद्धा म्हणायचं नाही. ते आतल्या बाईनं म्हणायचं, आपण नाही."

"बरं," होयबाई म्हणाली.

"आणि ही ओळ दिसतेय? साडेअकरा. रोजची. ही रिकामी ठेवायची."

"कोणासाठी?"

"ज्याचा फोन अजून आलेला नाही त्याच्यासाठी."

"आणि नाहीच आला तर?"

"तर डॉक्टरीणबाई पाय वर करून चहा पितील. तेही औषधच आहे."

होयबाईनं मान डोलावली. आणि दुसऱ्याच दिवशी मावशी बँकेत गेल्या असताना, एका फोनवरच्या बाईनं "फार हो दुखतंय" म्हटल्याबरोबर ती साडेअकरा देऊन बसली. पुढचा म्हणाला, माझंही फार दुखतंय. त्यालाही साडेअकरा. मावशी परत आल्या तो बाकं भरलेली, जिना भरलेला, रांग खाली उतरून शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात शिरलेली. न्हाव्याला वाटलं, नशीब फळफळलं. त्यानं सुजलेल्या गालांच्या सात-आठ माणसांची दाढी करून टाकली, आणि एका बाईचे केसही कापले, तिनं मागितलेलं नसताना. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा हात इतका भरून आला होता, की चमचा तोंडापर्यंत नेताना त्या आरसा शोधत होत्या.

मावशी रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. "दया आली ना?" त्या म्हणाल्या.

"आली."

"ती प्रत्येकाला साडेअकरा देऊन दाखवायची नसते. 'किती दुखतंय' विचारलंस तर सगळे 'जीव जातोय' सांगणार. रात्री झोप लागली का ते विचार. सूज आहे का, ताप आहे का, तोंड किती उघडतंय, घास गिळता येतो का. उत्तरं ऐक, कळत नसलं तर आत जाऊन सांग. बाकीच्यांना नाही म्हण, आणि त्या नाहीच्या पाठीवर लगेच एक वेळ ठेव. नुसतं नाही म्हणजे तोंडावर दार आपटणं झालं."

"मावशी, मला नाही म्हणताच येत नाही."

"आत्ता म्हणालीस की."

त्या रात्रीपासून होयबाईनं सराव धरला. आरशाला नाही म्हटलं. गळक्या नळाला म्हटलं. सकाळी दूध वर येताना त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "नाही. नंतर. सव्वासातला." दूध पातेल्याच्या काठावर थबकलं आणि सव्वासात होईपर्यंत हललं नाही. वहिनीनं डोळे चोळले आणि दूधवाल्याशी भांडायला गेली. पण दुधाला बोलणं वेगळं आणि माणसाला वेगळं. फोनवर पहिला नकार देताना तिच्या कपाळाला घाम फुटला, आवाज मांजराच्या पिल्लासारखा झाला. दुसरा जरा बरा गेला. शुक्रवारपर्यंत ती "आज नाही हो, सोमवारी चारला या, आणि मधे सूज आली तर लगेच फोन करा" हे एका श्वासात म्हणायला लागली होती, आणि समोरचा माणूस बऱ्याचदा "बरं" म्हणत होता. तिला स्वतःलाच ते खरं वाटेना.

शनिवार उजाडला. मावशी बाकावर पेशंटांसारख्या बसल्या, हातात विणकाम घेऊन. होयबाई खुर्चीत. सकाळची मुलं झाली, एक रूट कॅनल झालं, वही सरळ चालली होती. आणि अकराच्या सुमाराला दार उघडून आली ती वहिनी, तोंडावर पदर.

पदराआड काय ते तिनं टेबलावर वाकून दाखवलं. समोरच्या दाताची कॅप निघाली होती. ती रुमालात गुंडाळून आणलेली, आणि जिथं दात हवा तिथं एक खिडकी.

"वन्फं," वहिनी म्हणाली. दात नसल्यानं प्रत्येक 'स'चा 'फ' होत होता. "दुपारी मंडळातल्या फगळ्यांचा फोटो आहे. आत्ताच्या आत्ता बफवून द्या."

बाकावरचा एक माणूस हसला आणि वहिनीनं बघितल्यावर खोकला.

होयबाईनं पेन्सिल घेतली. "वहिनी, दुखतंय का?"

"नाही."

"रात्री झोप लागली?"

"ती कॅप आत्ता नाश्त्याला निघाली. झोपेचं काय विचारता?"

"सूज, ताप?"

"वन्फं, मी तुमची वहिनी आहे."

"माहीत आहे. संध्याकाळी साडेपाचला देते. शेवटची वेळ आहे, पण देते."

वहिनीनं मान तिरकी करून वहीत बघितलं. अशा गोष्टी तिला उलट्याही वाचता येत. "हे काय, फाडेअकरा रिकामंच आहे की."

सगळी बाकं ऐकत होती. मावशींच्या सुया थांबल्या नाहीत, त्यांनी वरही बघितलं नाही. होयबाईच्या घशात जन्मापासूनचा तो होकार वर आला. ज्या घरात संध्याकाळी जेवायला जायचं, त्या घरची ही बाई. जागा रिकामी. फोटो दुपारी. एक मान हलवली की झालं. तिनं दोन्ही हातांनी टेबल धरलं, निदान धड तरी हलू नये म्हणून.

"ती जागा रिकामी नाही, वहिनी. ज्याची आहे त्याचा फोन यायचाय."

"कोणाची?"

"ते मला अजून माहीत नाही."

वहिनी काही बोलणार तेवढ्यात तिला 'स' किती येतील याचा अंदाज आला असावा. ती बाकावर जाऊन बसली, मोबाइल काढला, आणि पदराआडून कोणाला तरी काहीतरी सांगायला लागली.

साडेअकरा झाले. डॉक्टरीणबाईंनी दारातून डोकं काढलं. "आता कोण?"

"कोणी नाही," होयबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी वहिनीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, होयबाईकडे पाहिलं. "ठीक आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला. वहिनीच्या नजरेनं तेवढ्या वेळात टेबलाच्या लाकडाला म्हणे भोक पडलं, ते अजून दाखवतात.

फोन वाजला. होयबाईनं झडप घातली. दादा होता, वहिनीचा नवरा, तिचा सख्खा भाऊ.

"अगं, काय ऐकतोय मी? जागा असून वहिनीला घेत नाहीस? लोकांसमोर बसवून ठेवलंस?"

"दादा, साडेपाचची वेळ दिलीय."

"आपल्या घरच्या माणसाला वेळ देतेस? तू आमच्या इथं—"

तो वाक्य कुठं नेणार हे तिला कळलं. ते वाक्य एकदा बोललं गेलं की परत घेता आलं नसतं, ना त्याला, ना तिला. "दादा," ती म्हणाली, "ही लाइन पेशंटांची आहे. घरचं घरी बोलू. दवाखाना सुटला की मी येतेच आहे." आणि फोन ठेवला.

तो पुन्हा वाजला तेव्हा तिला वाटलं, दादाच. नव्हता. कोणी म्हातारा माणूस होता, बाजारातला कुलूपवाला. आवाज असा, जणू तोंडात गरम बटाटा धरलाय.

"घाई काही नाही हो. मगाशी लावला तर लाइन लागेना, म्हटलं राहू दे. मग म्हटलं एकदा बघू. दाढ दुखत होती, आता थांबली. पुढच्या आठवड्यात कधीही चालेल."

कुठल्याही दिवशी होयबाईनं आनंदानं पुढचा आठवडा लिहिला असता. स्वतःहून नंतरची वेळ मागणारं माणूस म्हणजे लॉटरी. पण तिनं पेन्सिल वर धरली. "काका, रात्री झोप लागली?"

"नाही. बसूनच होतो."

"सूज?"

"गाल जरा... आता हनुवटीखाली आलीय."

"तोंड किती उघडतंय?"

बहुधा तो करून बघत होता. "एक बोट जातंय."

"गिळता येतंय?"

"थुंकी गिळायला जरा जड जातंय. पण दुखत नाही हो आता."

"श्वास घ्यायला त्रास?"

"नाही."

"फोन ठेवू नका," ती म्हणाली, आणि उठून सरळ आत गेली. ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं, स्वतःचं काही घातलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कप अर्धा ठेवला. "आत्ताच्या आत्ता बोलवा. एकटं येऊ देऊ नका. वाटेत श्वासाला त्रास झाला तर इथं नाही, थेट हॉस्पिटल. मी तिथं फोन करून ठेवते, बघून बहुतेक तिकडंच न्यावं लागेल."

कुलूपवाल्याला शेजारच्या दुकानदारानं आणलं. गाल म्हणजे काय, त्याच्या खांद्यावर आणखी एक माणूस बसल्यासारखा वाटत होता. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली, आणि गाडीत बसवून हॉस्पिटलला पाठवलं. तिथल्या डॉक्टरचा दुपारी फोन आला: चिरा देऊन पू काढलाय, माणूस ठीक आहे, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर घसाच बंद झाला असता. होयबाईनं तो निरोप शब्दाला शब्द आत सांगितला आणि पुढच्या माणसाला आवाज दिला, कारण बाक भरलं होतं.

वहिनी घरी गेली नाही. रागानं बसली होती ती कुलूपवाल्याचा गाल बघितल्यावर नुसतीच बसून राहिली. फोटो हुकला. साडेपाचला होयबाईनं आवाज दिला, "वहिनी, या." वहिनी निमूटपणे आत गेली. आत ती खुर्चीत तोंड उघडून होती तेवढ्या वेळात बाहेर इतकी शांतता पसरली, की खालचा न्हावी वर बघायला आला, काय झालं म्हणून.

बाहेर मावशींनी विणकाम गुंडाळलं. टेबलामागे आल्या, होयबाईला उठवलं, आणि तिच्या खालची उशी काढून काखेत मारली.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी येताना तुझी आण. नुसत्या लाकडावर पाठ धरते."

डॉक्टरीणबाई हात धूत आतूनच म्हणाल्या, "आणि नऊच्या आधी या. सोमवारी गर्दी असते."

दोघी नणंद-भावजय सोबत घरी निघाल्या. कोपऱ्यावर वहिनीनं जीभ दातावरून फिरवून बघितली, घट्ट बसला होता. मग म्हणाली, "वन्सं, आज घरी गेल्यावर तुमचे दादा बोलणार आहेत."

"बोलू देत. मी ऐकेन, आणि मग मीही बोलेन."

वहिनीनं तिच्याकडे जरा नव्यानं पाहिलं. "मीही बोलणार होते."

"तुम्ही आज नको, वहिनी. त्या दातानं आज काही चावायचं नाही, आणि बोलणंही कमीच ठेवायचं."

"असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं?"

"नाही," होयबाई म्हणाली. "मी सांगतेय."