मान आणि शब्द

अर्धांगाचा झटका आला तेव्हा वासुदेव आपल्या फोटो स्टुडिओतच होता. जीव वाचला, पाय हळूहळू उचलू लागला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. उरला एकच शब्द, ‘हां’. जेवायचं का, हां. पोट भरलं का, तरी हां. त्यामुळे लोकांनी ठरवूनच टाकलं, की याला आता काही समजत नाही. जयमालाने, त्याच्या बायकोने, तसं तोंडाने कधी म्हटलं नाही, पण मनातून तिनेही तेच धरलं होतं.

चिखले गावातल्या घरी त्याला एकटं ठेवायची सोय नव्हती. म्हणून ती रोज रिक्षाने त्याला डहाणूला, दुकानात घेऊन यायची आणि मागच्या खुर्चीत बसवायची. फोटो काढणं तिला जमायचं. कॉम्प्युटर मात्र कायम त्याचा.

तलासरीच्या सुषमाबाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्या लेकीचं, सईचं लग्न म्हणजे वासुदेवने काढलेलं शेवटचं लग्न. अल्बमची पानंही त्यानेच मांडली होती, फक्त मुखपृष्ठ राहिलं होतं. ते जयमालाने केलं, सईचा हसरा फोटो निवडून. आता सगळं नेटवरून वापीच्या छापखान्याकडे पाठवायचं होतं.

पाठवायच्या त्या प्रोग्रामात वरच्या बाजूला इंग्रजी ओळी सरकत राहायच्या, प्रत्येकीच्या सुरुवातीला तीन आकडे. जयमालाने त्या कधी वाचल्या नव्हत्या. पानं जाऊ लागली आणि मध्येच एक ओळ लाल झाली. आकडा होता ४२६. तिने छापखान्यातल्या विनोदला फोन लावला.

“काकू, लाइन तुटली असेल. परत पाठवा, जाईल,” तो म्हणाला.

आणि खरंच गेलं. पुढेही दोनदा लाइन तुटली, तिने परत पाठवलं, पानं गेली. शेवटी मुखपृष्ठ राहिलं. ते काही केल्या जाईना. परत लाल. परत पाठवलं, परत लाल. विनोदचा फोन आता लागत नव्हता. ती नुसती बटण दाबत राहिली.

“देऊनच टाकावं हे दुकान कुणाला तरी,” ती स्वतःशीच पुटपुटली. “माझ्याच्याने नाही व्हायचं.”

मागे खुर्ची सरकली. वासुदेव पाय ओढत आला आणि त्याने डाव्या हाताने तिचा हात माउसवरून बाजूला केला.

“काय झालं? बाथरूमला जायचंय का?”

“हां,” तो म्हणाला, आणि मान नकारार्थी हलवली.

जयमाला बघतच राहिली. तोंडाने हो आणि मानेने नाही. हे असं आधीही होत असेल का? तिने मानेकडे कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने वरची जुनी लाल ओळ शोधली, ४२६ मधल्या चारावर बोट ठेवलं आणि हवेत हात गोल फिरवला. मग खालच्या ओळीवर आला. तिथे ५५३ होतं. पाचावर बोट ठेवून त्याने पंजा आडवा हलवला.

“चार असला तर परत पाठवायचं,” ती सावकाश म्हणाली. “पाच असला तर कितीदा पाठवलं तरी जाणार नाही. असंच ना?”

“हां.” या वेळी मानही हो म्हणाली.

“मग करायचं काय?”

त्याचं बोट त्या ओळीवरून पुढे सरकत फाइलच्या नावाशी थांबलं. तिथे नुसती प्रश्नचिन्हं उमटली होती. वासुदेवच्या सगळ्या पानांची नावं इंग्रजीत होती. या एकाच फाइलला जयमालाने हौसेने मराठीत नाव दिलं होतं, ‘सईचं लग्न’. पलीकडच्या मशीनला ते वाचताच येत नव्हतं. तिने एकेक अक्षर शोधत इंग्रजीत नाव टाइप केलं आणि पाठवलं. आकडा आला २२६. पोचलं होतं. वासुदेवने त्या दोनावर बोट टेकवलं आणि तिच्याकडे पाहून हसला.

जयमाला मात्र हसली नाही.

“म्हणजे तुम्हाला सगळं समजतं.”

मान हलली.

“मी आत्ता दुकानाचं बोलले, तेही?”

मान हलली.

“आणि बहिणीला फोनवर म्हणाले, की यांचं आता लहान मुलासारखं झालंय...” तिने पदर तोंडाला लावला. वासुदेवने डावा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि ती शांत होईपर्यंत काढला नाही. दारात फोटोसाठी आलेलं गिऱ्हाईक बिचारं अवघडून बाहेरच थांबलं.

त्या दिवसापासून ती प्रश्न विचारून थांबू लागली, आणि शब्दापेक्षा मानेकडे बघू लागली. त्यातून कळलं, की रोजच्या मऊ खिचडीला तो कधीचा कंटाळला होता, त्याला बोंबलाचं कालवण हवं होतं. दुकान विकायला तर त्याची साफ ना होती. शब्दांचा सराव करून घेणाऱ्या बाईंकडेही ती त्याला नेऊ लागली.

अल्बम छापून आला तशा सुषमाबाई सईला घेऊन आल्या. पानं उलटून बघताना त्यांनी खुर्चीकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणून जयमालाला विचारलं, “आता कसे आहेत हे?”

“त्यांनाच विचारा ना,” जयमाला म्हणाली. “फक्त जरा थांबावं लागतं.”

सुषमाबाई गोंधळल्या. मग खुर्चीसमोर जाऊन त्यांनी विचारलं, “वासुदेवभाऊ, कसे आहात?”

वासुदेवचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कुणी मध्ये बोललं नाही.

“ब... बरा,” तो म्हणाला.