तिरोड्याची निळी लिंक

मी एक जुनी लिंक आहे, मित्रांनो. संगणकाच्या पडद्यावरचा निळा, खाली रेघ ओढलेला शब्द. मला दाबलं की मी तुम्हाला दुसऱ्या पानावर नेऊन सोडते.

माझा जन्म २००८ साली गोंदियात झाला. तिथे मुन्नालालजींची घरसामान हलवणारी कंपनी आहे. बदली झालेल्या माणसांची कपाटं, पलंग, अगदी तुळशीच्या कुंड्यासुद्धा ती नव्या गावी पोचवते. तिच्या वेबसाइटवर आम्ही बावन्न लिंका होतो. माझं नाव 'तिरोडा'. माझ्यामागच्या पानावर तिकडच्या गाडीची माहिती आणि फोन नंबर होता. तिरोड्याला विजेच्या कारखान्याचं काम निघालं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ लागली होती. सगळ्यात जास्त माणसं माझ्यावरूनच जात. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू?

बाहेरून मी देवनागरीत 'तिरोडा' दिसायची. पोटात मात्र इंग्रजी पत्ता होता आणि त्यात 'डी'च्या जागी 'आर' होता, म्हणजे 'तिरोरा'. हिंदी बोलणारे बरेच जण तसंच लिहितात.

२०१२ साली रंजिता वेबसाइट सांभाळायला आली. ती मूळची तिरोड्याचीच. आपल्या गावाचं नाव असं पाहून तिला राग आला. तिने पानाच्या नावात 'डी' घातला, पण माझ्या पोटातला पत्ता बदलायला विसरली. झालं! त्या दिवसापासून माझ्यावरून जाणारा प्रत्येक जण 'पान सापडत नाही' एवढंच वाचून परत फिरू लागला. दिसायला मी धडधाकट होते, म्हणून माझ्याकडे कोणी लक्षच दिलं नाही. मी मात्र रोज लोकांना तोंडघशी पाडत होते. मला फार लाज वाटायची.

चार महिने गेले. तिरोड्याच्या गाडीचे चालक खुशालकाका ऑफिसात येऊन म्हणाले, "बाई, गाडी उभीच हाय. फोन काऊन नाही येऊन राहिला?"

मुन्नालालजींनीही सांगून टाकलं, "बेटी, ये वेबसाइट कुछ काम की नहीं. महिना संपला का बंद करून टाकू. मग तुलेही दुसरं काम पाहा लागन."

रंजिता घाबरली, पण रडत बसली नाही. तिने वहीत बावन्न नावं लिहिली आणि एकेक लिंक उघडून पाहू लागली. देवरी उघडली. आमगाव उघडली. एकोणचाळिसावी मी. पान सापडत नाही! तिने माझा पत्ता अक्षर अक्षर वाचला आणि 'आर'वर तिचं बोट थांबलं. चूक तिची स्वतःचीच होती.

गुपचूप दुरुस्ती केली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण ती उठून मुन्नालालजींसमोर उभी राहिली.

"भैयाजी, लिंक माह्याच हातानं तुटली. गावाचं नाव सुधरवाच्या नादात पत्ता बदलाचा राहून गेला."

मुन्नालालजी म्हणाले, "तो अब आर रखें की डी?"

"दोन्ही चालन, भैयाजी. महिना संपेपर्यंत तरी पाहा."

माझ्या पोटात 'डी' आला. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. कितीतरी लोकांनी आणि दुसऱ्या वेबसाइटींनी जुनाच पत्ता टिपून ठेवला होता. तो टाकला तरी आपोआप नवं पान उघडावं, अशी तिने सोय केली.

महिना संपायला दोन दिवस उरले होते, तेव्हा फोन वाजला. तिरोड्याच्या नर्स रुख्माबाईंची देवरीला बदली झाली होती. "चार वर्षांआधी पत्ता लिहून ठेवला होता, आरवाला," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात उघडलाच नाही. वाटलं, कंपनीच बंद झाली असन. आज पुन्हा पाहिलं."

खुशालकाका फडकं घेऊन गाडी पुसायला धावले. मुन्नालालजी म्हणाले, "रहने दे बेटी, चालू ठेव."

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रंजिता वही काढून सगळ्या लिंका तपासते, आणि सुरुवात माझ्यापासून करते. रुख्माबाईंनी पुन्हा पाहिलं, पण त्या चार महिन्यांत परत गेलेल्या बाकीच्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. त्यांची माफी मी कुठे मागू?

मित्रांनो, चुकलेलं नाव जरूर सुधारा. फक्त जुन्या नावाने शोधत येणारं माणूस तुमच्या दारातून परत जाऊ देऊ नका.