एस्पोझितोंची भावकी

ओवीचा साखरपुडा ठरला तेव्हा मुलाकडच्यांचा मानपान मुरलीधर खळदकरांनी स्वतःकडे घेतला. एरवी ते सुरुचीचं काम. पण सुरुची मार्चमध्ये गेली. जाण्याआधी नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "त्यांच्यातलं कुणी रुसायला नको हं."

मुलगा लुका एस्पोझितो. आईबाप लहानपणीच गेलेले. आजोबा कार्मिने यांनी वाढवलं. ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीच्या मळ्यात त्यांनी जन्मभर फ्लॉवर काढला.

मुरलीधररावांचा हिशेब सरळ होता. आडनाव एक म्हणजे मूळ गाव एक, आणि गाव एक म्हणजे भावकी. सगळे खळदकर खळदचेच की! मग वेरिबीत जिथे एस्पोझितोंची पाटी दिसेल तिथे ते शिरले. टायरवाला, बेकरीवाला, दातांची डॉक्टरीण. "तुम्ही घरचेच. सहकुटुंब यायचं." ओवीला मात्र पत्ता लागू दिला नाही.

टायरवाला म्हणाला, "जेवण आहे? नो वरीज, मेट."

साखरपुड्याला सगळे पोराबाळांसकट आले. हॉल भरून गेला. कार्मिने दारातच थबकले.

"ही कोण माणसं?"

"तुमची भावकी!" मुरलीधरराव फुशारकीने म्हणाले. "सगळे एस्पोझितो. एकही सोडला नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. ओवीने कपाळाला हात लावला. "बाबा, मला विचारायचं तरी!"

"मुरली," कार्मिने हळूच म्हणाले, "हे नाव घराण्याचं नाही. नेपल्समध्ये आई ज्याला अनाथाश्रमाच्या दारात ठेवून जायची, त्या पोराला हे नाव द्यायचे. आता तिथे दगड मारला तरी एस्पोझितोलाच लागतो, पण कुणी कुणाचं नाही. माझ्या खापरपणजोबांना असंच ठेवलं होतं. आमची माणसं म्हणशील तर मी आणि लुका."

मुरलीधरराव ओशाळले. सुरुचीने एक गोष्ट सांगितली होती आणि आपण मुलाच्या आजोबांनाच चारचौघांत दुखावलं.

मागून टायरवाल्याने मान पुढे काढली. "आमच्याही खापरपणजोबांना दारातच ठेवलेलं."

"कुठल्या?" दातांच्या बाईंनी विचारलं.

"नेपल्सच्या."

"आमच्याही!"

"थांबा, थांबा," मुरलीधररावांना धीर आला. "सगळे एकाच दारातून आत आलात? अहो, मग भावकी म्हणजे आणखी काय असतं?"

कार्मिने खदाखदा हसले आणि टायरवाल्याच्या पाठीत गुद्दा घातला. "ये रे, चुलतभावा!"

अंगठ्या झाल्या, पंगत बसली. श्रीखंड बेकरीवाल्यापासून वाढत आणलं आणि कार्मिनेंच्या पानाशी येईपर्यंत पातेलं संपलं. म्हाताऱ्याने हाताची घडी घातली.

"मी सगळ्यांत वडील. आधी त्याला का वाढलं?"

"आजोबा, प्लीज," लुका पुटपुटला.

"नाही. मी जेवत नाही."

मुरलीधररावांना हसू फुटलं. खळदच्या प्रत्येक लग्नात त्यांचे थोरले काका अगदी असेच बसायचे, आणि समजूत काढायला सुरुचीच पुढे व्हायची. त्यांनी डोळे पुसले, स्वतःच्या पानातली वाटी उचलली आणि ते कार्मिनेंच्या पुढ्यात जाऊन उकिडवे बसले.

"चुकलं आमचं, व्याहीबुवा. एवढा घास घ्या."

"दोन घेईन," कार्मिने म्हणाले.