मात्तनकडे आली

आमच्या कडवुंगलमध्ये राहणं कसं आहे, याचं दोन मिनिटांचं उत्तर मी आजवर बत्तीस जणींकडून पाठ करून घेतलं आहे. त्यांतल्या एकतीस जणी ते उत्तर म्हणून इथून निघून गेल्या.

मी ईपन. तिरुवल्ल्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पडवीतच शिकवणी सुरू केली. परदेशी निघालेल्या नर्सना इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागते. त्यात हमखास येणारा प्रश्न म्हणजे, तुम्ही राहता त्या भागाविषयी सांगा. आमच्या पोरी डोळे मिटून सुई टोचतील, पण या प्रश्नाला त्यांची बोबडी वळायची. राहतो तिथे राहतो, त्यात सांगायचं काय? म्हणून मीच एकदा बसून उत्तर लिहून काढलं. माझ्या गावात सकाळी नाव येते आणि नावाडी प्रत्येकाला नावाने हाक मारतो. वाचनालयात म्हातारी माणसं पेपरवरून भांडतात. संध्याकाळी चर्चच्या मैदानावर मुलांचा गलका असतो. आमच्याकडे कुणी एकटं जेवत नाही. लिहिलं तेव्हा त्यातला शब्दन् शब्द खरा होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

मग पूल झाला आणि नाव बंद पडली. वाचनालयात मधमाश्यांनी पोळं केलं. मैदानावर खेळायला मुलं उरली नाहीत, कारण ती माझं उत्तर म्हणून गेलेल्या पोरींना तिकडे झाली. आमच्या आळीत अकरा घरं आहेत, त्यांतल्या सातांना कुलूप. घरं मात्र एकेक अशी की बघत राहावं, दोन-दोन मजली, रंग दिलेली. फणस झाडाखाली पडून फुटतात आणि त्या वासात आम्ही संध्याकाळचा काळा चहा पितो. कुणी गेलं तर मुलं येईपर्यंत शवागारात ठेवतात. समोरचा मात्तन जन्मात कधी कुणासाठी दोन मिनिटं थांबला नाही, तो शेवटी अकरा दिवस थांबला.

या सात घरांच्या किल्ल्या जिन्सीकडे असायच्या. आळीच्या टोकाला ती आणि तिची आई राहत. जिन्सी गावच्याच इस्पितळात नर्स होती. चार वाजता सुटायची, पाच वाजता माझ्याकडे शिकवणीला यायची आणि सहा वाजले की किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायची. एकेक घर उघडायचं, नळ सोडून पाहायचा, पुढचा दिवा लावायचा. दिवा दिसला की घर रिकामं वाटत नाही, चोराचिलटाला वाटत नाही आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटत नाही. शेवटचं घर आमच्या अलीकडचं, कोशी डॉक्टरांचं. ते झालं की ती आमच्याकडे यायची आणि संध्याकाळची प्रार्थना करून घरी जायची.

माझी बायको एलियाम्मा, जिन्सीची अम्मच्ची, त्या वेळी पडवीच्या पायरीवर बसलेली असायची. चार वर्षांपासून तिचं विसरणं सुरू झालं आहे. कालवणात दोनदा मीठ, मला भावाच्या नावाने हाक, गॅस सुरू आणि भांडं फडताळात. पण दिवेलागणीला ती पायरी सोडत नसे. समोर पहिला दिवा लागला की म्हणायची, "मात्तनकडे आली." मग थोड्या वेळाने, "कुरियनकडे आली." असं एकेक घर. मी समजलो होतो की दिवा दिसला म्हणजे हिच्या लेखी त्या घरी माणसं आली. मात्तनला पुरून पाच वर्षं झाली होती. मी कधी खोडून काढलं नाही. म्हटलं, हिच्या डोक्यात तरी आळी भरलेली राहू दे. शेवटचा दिवा लागला की ती उठून तोंड धुवायची, केस नीट करायची आणि प्रार्थनेची चटई अंथरायची. डोक्यातली सगळी माणसं घरी पोचली की ही निवांत होते, असा मी अर्थ लावला होता. आता तुम्हीच सांगा, ते दिवे लावणारी मुलगी परदेशी जावी असं मला का वाटेल?

जिन्सी पहिल्या परीक्षेत नापास झाली, त्यात माझा हात नव्हता. ती घाबरली, अर्ध्यात अडकली. दुसऱ्या वेळचं मात्र माझ्याकडे लागतं. त्या वर्षी ईस्टरला रेजीचा फोन आला होता. माझी जुनी विद्यार्थिनी, आता आयर्लंडला. म्हणाली, सर, तुमचं ते नावेचं उत्तर आता बदला. आपल्याकडची प्रत्येक पोरगी तेच म्हणते, परीक्षकांना ते पाठ झालंय, घोकंपट्टी म्हणून मार्क कापतात. मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि संध्याकाळी जिन्सीकडून तेच उत्तर तीनदा म्हणवून घेतलं. तिचे उच्चार सुधारले. शाबास म्हणालो.

निकाल लागला त्या दिवशीही ती पाचला आली. रडून आली होती, पण पावडर लावून. म्हणाली की नावेचं नाव काढताच परीक्षक बाई हसल्या आणि मधेच दुसरा प्रश्न विचारला, तिथून तिची गाडी घसरली ती घसरलीच. स्वतःच्याच जिभेला दोष देत होती. तिला घ्यायला तयार असलेलं परदेशातलं इस्पितळ आता आणखी एकदाच थांबणार होतं. ऑगस्टची परीक्षा पास झाली तर नोकरी, नाहीतर जागा दुसरीला. तिचं वय एकोणतीस. तिच्याबरोबरच्या सगळ्या गेलेल्या. "सर, मला जमणारच नाही का हो?" असं तिने विचारलं आणि मला माझ्या पांढऱ्या केसांची लाज वाटली.

मी तिला रेजीच्या फोनचं सांगितलं.

"कधी आला होता फोन?" तिने विचारलं.

"ईस्टरला."

"म्हणजे मागच्या परीक्षेच्या आधी."

"हो."

तिने वही मिटली, जुडगा उचलला आणि गेली. सहा वाजायला अजून अर्धा तास होता. त्या दिवशी ती प्रार्थनेला आली नाही. एलियाम्मा केस विंचरून चटईवर बसून राहिली आणि मी तिला रागावून जेवायला उठवलं. राग माझा मलाच आला होता, निघाला तिच्यावर.

मला वाटलं, आता ही पोरगी माझं तोंड बघणार नाही. पण दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला हजर. चप्पल काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अम्मच्चींसाठीच ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, ठीक आहे, आता मला नीट शिकवा. असं मन माझ्या दोन्ही मुलांकडे नाही. माझ्याकडे तर नाहीच.

मी सांगितलं, ते उत्तर विसर. तू राहतेस ते सांग, खरं खरं. व्याकरण मी बघतो. ती छताकडे बघत तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलू लागली. मी ते इथे आपल्या भाषेत लिहितो.

"मी राहते त्या आळीत सात घरं बंद आहेत. त्यांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. मला प्रत्येक घराचा वास माहीत आहे. एका घरात अजून बाळाच्या पावडरीचा वास येतो आणि ते बाळ आता कॉलेजात आहे. मला इथलं काय आवडत नाही? फणस पडतात आणि कुणी उचलत नाही. काय आवडतं? सातव्या घराच्या दारातून एक पडवी दिसते. तिथे दोन माणसं बसलेली असतात. तिथून दिसणाऱ्या दिव्यांतला तेवढा एकच मी लावलेला नसतो."

मी चष्मा पुसायचं निमित्त केलं. म्हटलं, 'फणस' शब्दाचा उच्चार चुकला.

ऑगस्टमध्ये ती पास झाली. तोंडी परीक्षेत तर माझ्या एकतीस जणींत कुणाला नव्हते एवढे मार्क. आईला कोट्टयमला मावशीकडे ठेवायचं ठरलं, व्हिसा आला, तिकीट आलं. आणि मी दिव्यांच्या मागे लागलो. सातही घरांच्या मालकांना फोन केले. वायरमन बोलावून प्रत्येक पुढच्या दिव्याला आपोआप लागणारं बटण बसवून घेतलं, संध्याकाळी सव्वासहाला सुरू, सकाळी सहाला बंद. इतक्या वर्षांत मी एवढी धावपळ केली नव्हती. एलियाम्माला काही कळणारच नाही, याचा मला अभिमानसुद्धा वाटला.

जिन्सीला मी बजावलं होतं, तिचा निरोप घ्यायचा नाही. ती म्हणाली, सर, नुसती जवळ बसते पाच मिनिटं. मी म्हटलं, "बसलीस की रडशील. तू रडलीस की ती रडेल. का रडली ते दोन तासांनी तिला आठवणार नाही, नुसतं रडणं मागे राहील. तिच्या दोन दिवसांत लक्षातही राहणार नाही की तू होतीस." हे शेवटचं मी बोलायला नको होतं. जिन्सीने ओठ घट्ट मिटले आणि बरं म्हणाली.

गुरुवारी सकाळी एलियाम्मा न्हाणीघरात असताना टॅक्सी आली. मी फाटकापाशी उभा राहून टॅक्सीवाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणून खुणावलं. जिन्सीने माझ्या हातात जुडगा दिला आणि पडवीकडे एकदा बघितलं. तिची आई टॅक्सीत बसून डोळे पुसत होती. टॅक्सी वळली तेव्हा न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालूच होता.

त्या संध्याकाळी एलियाम्मा नेहमीसारखी पायरीवर येऊन बसली. मी मागे खुर्चीत. सव्वासहा झाले आणि सातही दिवे एकदम लागले.

तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, पुन्हा उलट बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, सगळी आली. ती म्हणाली, "एकदम सातही घरी कशी जाईल ती?"

"कोण?"

"जिन्सी."

ती वळून माझ्याकडे बघत होती. असं सरळ तिने माझ्याकडे कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

"मात्तनकडे आली असं रोज म्हणायचीस ते?" मी विचारलं.

"जिन्सी आली. मात्तनच्या घरी," ती म्हणाली. "अजून सहा घरं, मग इकडे. मात्तन कुठून येईल? त्याला पुरताना खड्ड्यात मी ऊद टाकलाय. तुम्ही विसरायला लागलात की काय?"

रोज संध्याकाळी ती एका मुलीची वाट बघत होती, घरं मोजत मोजत. ती इकडे पोचायच्या आत तोंड धुऊन, केस नीट करून बसत होती. आणि मी शेजारी बसून, माझ्या बायकोला भुतं दिसतात म्हणून तिची कीव करत होतो. त्या भुतांसाठी मी एका पोरीला नापास होऊ दिलं होतं.

"गेली का ती?" एलियाम्माने विचारलं.

मी हो म्हणालो. सकाळी गेली.

"तुम्हाला माहीत होतं."

"तुला त्रास होईल म्हणून..."

"आपल्या दोन्ही पोरांच्या कपाळावर मी क्रूस काढला होता," ती म्हणाली. "जाताना. या पायरीवर. हिच्या कपाळावर कोण काढणार होतं? तिची आई तर नुसती रडत बसली असेल."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, भांडायला मला येतं. मी खिशातून फोन काढला. जिन्सीचं विमान नऊला होतं, ती कोचीला विमानतळावर बसली असणार. म्हटलं, लावून देतो, बोल तिच्याशी. एलियाम्माने हात मागे घेतले आणि म्हणाली, फोनवर काय काढू? तोवर मी नंबर लावला होता आणि पलीकडून जिन्सीचा आवाज आलासुद्धा.

"सर? बोला ना. सर?"

जेवलीस का, एवढंच मला सुचलं. ती हो म्हणाली. मागे विमानांची घोषणा चालू होती. मग तिने हळूच विचारलं, "अम्मच्चींनी विचारलं का हो माझ्याबद्दल?"

एलियाम्मा हातभर अंतरावर होती. फोनमधला शब्द अन् शब्द तिला ऐकू येत होता. फोन तिच्यापुढे धरला असता तरी पुरे होतं. पण पोरगी रडत विमानात चढेल, परक्या देशात रडतच उतरेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं. पुन्हा मीच ठरवलं.

"नाही, पोरी," मी म्हणालो. "तिच्या लक्षातही आलं नाही. तू जा निवांत."

जिन्सी बरं म्हणाली. मी फोन ठेवला. एलियाम्मा पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती.