मिराबाईची गोळी

माझ्या बायकोसारखी बाई आख्ख्या तांड्यात न्हाई. हे मी आज म्हनतो. दोन वर्सं मात्र तिच्यावर खेकसायचो, "मिराबाई, नखरे बंद कर!" दोन घास खाल्ले की तिचं पोट गच्च व्हायचं, वर जळजळ. कळमनुरीच्या डॉक्टरीण विजयाबाईंनी दुर्बीण घालून बघितलं, आत काहीच निघालं न्हाई. मग त्यांनी एक बारीक गोळी दिली, रोज झोपताना घ्यायची. गुण यायला महिना-दीड महिना लागंल म्हनल्या. तोंडाला कोरड पडायची, पन मिराबाईनं एक दिवस चुकवला न्हाई. आता दोन भाकरी खाते!

तेवढ्यात आमच्या पोरीचं, रुपाचं लगीन जमलं. नवरदेव सिद्धेश्वरकडचे पाव्हणे आले. आमच्यात तांड्याच्या नायकासमोर अन् पंचांसमोर गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. अमरसिंग नायकानं ढेप फोडली, अन् नवरदेवाची मावशी द्वारकाबाई आमच्या कोनाड्यातलं गोळ्यांचं पाकीट घेऊन बाहेर आली.

"ही तर येड्याची गोळी! माझ्या दिराला हीच होती."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोरीचं जमलेलं मोडून राहिलं की! म्या लगेच ठोकून दिलं, "छ्या! ॲसिडिटीची हाय. अन् माझी हाय."

"खोटं काहून बोलता?" मिराबाई उभी राहिली. पंचांसमोर आमच्या बाया सहसा बोलत न्हाईत. "गोळी माझी हाय. मन खचलेल्याला देतात, तीच. पन माझ्या पोटाच्या नसा चिडल्या होत्या, त्या शांत करायला थोडी थोडी दिली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, म्या समजून घेतलं. अन् मन खचलं म्हनून घेतली असती, तरी लपवली नसती."

काय बाई हाय! ऊर भरून आला माझा, अन् लाजबी वाटली.

नवरदेवाची आई शिलाबाई गुळाचा खडा हातात धरून बसली होती. द्वारकाबाई तिला ऊठ, ऊठ खुणावून राहिली. शेवटी ती उठली. सरळ मिराबाईकडं आली अन् खडा तिच्या तोंडात घातला.

"पोरगी आईवर गेली असंल तर आमाला पसंत हाय," ती म्हनली. मग माझ्याकडं वळली. "बापावर गेली असंल, तर आत्ताच सांगा."

सगळे पंच खो खो हसले. माझे कान तापले. म्या हात जोडले अन् म्हनलं, "न्हाई विहीणबाई, नशीब माझं, आईवरच गेली."