आसाराम पेंटरचा लॅपटॉप

“तिला हात नका लावू देऊ,” दुकानदार म्हणाला आणि काउंटरवरचा लॅपटॉप त्याने दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतला. “पडला म्हणजे?”

रश्मीचा पुढे झालेला हात हवेतच हलत राहिला. तो हात एका जागी कधी ठरतच नसे. जन्मल्यावर ती उशिरा रडली होती. तेव्हापासून तिचे दोन्ही हात त्यांच्या मर्जीने हलत, मान किंचित कलती राही आणि बोलताना जीभ अडे. घरच्यांना तिचं सगळं बोलणं समजायचं. बाहेरच्यांना वाटायचं, हिलाच काही समजत नाही.

“पडला तर माज्याकडनं भरून घ्या,” तिचा बाप आसाराम म्हणाला. “पन वापरनार ती हाय. तिच्या हाताला बसंल त्योच घेनार.”

“अहो, नववीतल्या पोरीला लॅपटॉप कशाला? टेबलावरचा कॉम्प्युटर घ्या. स्वस्तात जोडून देतो.”

“टेबलावरचा रोज शाळेत कसा नेनार?”

दुकानदाराने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. शर्टाच्या बाहीवर निळ्या-पिवळ्या रंगाचे ठिपके, नखांच्या कडांत पांढरा रंग. “शाळेत?”

“व्हय. शाळेतच.”

अठ्ठ्याण्णव साल होतं. नगरमध्येही लॅपटॉप म्हणजे बँकेच्या साहेबाकडे किंवा पुण्याहून आलेल्या इंजिनियरकडे दिसायची वस्तू. आसाराम भिंगारदिवे हा केडगावचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, दवाखान्यांचे बोर्ड लिहीत त्याची पंचवीस वर्षं गेली होती. बुद्धविहाराच्या भिंतीवरचं पंचशील त्याच्याच हातचं. रेघ न आखता तो ओळ सरळ नेई, आणि त्याच्याच घरात अशी पोर होती की तिला आपलं नाव कागदावर काढता येत नव्हतं.

म्हणून तो तिच्यासाठी लिही. रश्मीला आकाशवाणीवरच्या श्रुतिकांचा भारी नाद. ऐकता ऐकता ती स्वतःच श्रुतिका रचू लागली. संध्याकाळी आसाराम हातपाय धुऊन बसला की ती सांगायची आणि तो सुरेख अक्षरात उतरवून घ्यायचा. एकदा तिच्या श्रुतिकेतल्या म्हातारीने सावकाराला सणसणीत शिवी हासडली. आसारामने लिहिलं, ‘म्हातारी रागावून बोलली.’ रश्मीने वाचलं आणि वही ढकलून दिली.

“आण्णा, हे माझं नाही.”

“आगं, पोरीच्या जातीला असलं लिवनं शोभतं का?”

“मग तुमच्या नावानं लिहा.”

दोन दिवस तिने त्याला काही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी बोलावणं पाठवलं. त्यांच्या समोर रश्मीच्या वह्या पडल्या होत्या. पानापानावर वाकड्यातिकड्या रेघा, मध्येच फाटलेला कागद.

“हे तपासायचं कसं, सांगा तुम्ही,” हेडमास्तर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण दहावीच्या निकालाची त्यांना धास्ती होती. “घरीच अभ्यास करू द्या तिला. सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून बसेल परीक्षेला. वर्गालाही त्रास नाही, तिलाही नाही.”

“तिला तरास न्हाई. तिनं सांगितलं का तुमाला?”

“तिचं बोलणं कुठं समजतं, भिंगारदिवे?”

आसारामने वह्या गोळा केल्या. “पोरगी याच वर्गात बसंल, सर. तिच्या लिवन्याचं मी बघतो.”

बघतो म्हणाला खरा, पण काय बघायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. कलाबाई नगरच्या एका दवाखान्यात आया होती. तिथल्या डॉक्टरांचा मुलगा मांडीवर यंत्र घेऊन लिहीत बसलेला तिने पाहिला होता. त्याला नुसतं एक बोट लागायचं.

“पन त्ये घ्यायचं म्हंजे मच्छिंद्रला शब्द दिलाय त्याचं काय?” आसाराम म्हणाला.

“पोरगी सांगती, तुमी लिवता. तुमच्या मागं कोन लिवनार?” कलाबाई म्हणाली. “मच्छिंद्रला काय सांगायचं त्ये तुमी ठरवा.”

मच्छिंद्र हा त्याचा जोडीदार. दोघांनी एकाच उस्तादाकडे ब्रश धुतले होते. आता पुण्याहून बोर्ड कापून देणारी यंत्रं निघाली होती. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, यंत्र रेडियमचा कागद कापून देतं, चिकटवलं की पाटी तयार. मच्छिंद्रने तसलं यंत्र हेरून ठेवलं होतं आणि आसारामची साठवण त्याच्या अर्ध्या भागीदारीसाठी ठरलेली होती.

आसारामने दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याला सांगितलं, तेव्हा मच्छिंद्रने भरला कप खाली ठेवला.

“आरं, दोन वर्सांनी ब्रशला कुत्रं इचारनार न्हाई. आन् तू भागी सोडतो?”

“सोडतो.”

“ज्या कॉम्प्युटरनं आपल्या प्वाटावर पाय दिलाय, त्योच इकत घेऊन घरात बशिवतो?”

“माज्या प्वाटावर दिलाय. माज्या पोरीचं तोंड उघडंल त्यानं.”

“मग म्हनू नको, मच्छिंद्रनं इचारलं न्हाई.”

“न्हाई म्हननार,” आसाराम म्हणाला. चहाचे पैसे त्या दिवशी दोघांनी आपापले दिले. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आणि आता नगरच्या या दुकानात रश्मीसमोर अखेर एक लॅपटॉप आला. दुकानातला सगळ्यात चांगला, रंगीत पडद्याचा. रश्मीने बोट ठेवलं आणि पडदाभर एकच अक्षर धावत सुटलं. कळा इतक्या हलक्या की बोट थरथरलं तरी त्या दबत. दुसरा त्याहून बारीक. तिथे एका बोटाखाली दोन दोन कळा यायच्या. रश्मीचा चेहरा घामेजला.

“मी म्हणालो नव्हतो?” दुकानदार म्हणाला.

“आनखी दाखवा,” आसाराम म्हणाला.

“तुमच्या ऐपतीत आता एकच उरला. पुण्याच्या कंपनीने काढून टाकलेला आहे. पडदा काळा-पांढरा, बॅटरी मेलेली. वायर जोडली तरच चालतो.” त्याने खालच्या कप्प्यातून एक जाडजूड यंत्र काढलं. काउंटरवर ठेवताना पाट्यासारखा आवाज झाला.

त्याच्या कळा मोठ्या होत्या आणि ताठ. रश्मीचं बोट त्यांच्यावर थरथरत फिरलं तरी काही उमटलं नाही. मग तिने जोर लावला. एक अक्षर उमटलं. पुन्हा जोर लावला. दुसरं. ती बापाकडे न बघता काहीतरी बोलली.

दुकानदाराने आसारामकडे पाहिलं. “काय म्हणतेय?”

“तिलाच इचारा परत.”

दुकानदार चुळबुळला. मग काउंटरवर वाकला. “काय म्हणालीस, बाळ?”

“म-रा-ठी,” रश्मी म्हणाली. “मराठी... येतं का... याच्यात?”

“इंग्रजी बस झालं की. सगळीकडे तेच चालतं.”

“माझी म्हातारी... इंग्रजी बोलत नाही.”

दुकानदाराला ते समजलं. कोण म्हातारी हे कळलं नाही, पण त्याने पुढे वाद घातला नाही. फ्लॉपी शोधून मराठी अक्षरं आत घालायला त्याला दुपार झाली. शिफ्टची कळ एकदा दाबली की धरून राहील, अशी सोयही त्याने आपण होऊन लावून दिली. पहिली ओळ लिहायला रश्मीने बराच वेळ घेतला. आसाराम तिच्या खांद्यावरून पाहत होता. अक्षरं किरकोळ होती, वेलांट्या सुट्या लटकल्यासारख्या. पाटीवर असं लिहिलं असतं तर उस्तादाने कानाखाली वाजवली असती. पण ती तो वाचत गेला आणि त्याचं हसू फुटलं. म्हातारीची ती शिवी होती, अख्खी, एक अक्षर न गाळता.

“हाच द्या,” तो म्हणाला.

घरचा अभ्यास फ्लॉपीवरून त्याच दुकानात छापून पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा मराठीच्या सरांनी तो हेडमास्तरांकडे नेऊन दिला. हे तिनेच लिहिलं कशावरून? दुसऱ्या दिवशी आसाराम लॅपटॉप खांद्यावरच्या पिशवीत घालून रश्मीबरोबर शाळेत गेला. हेडमास्तरांच्या खोलीतल्या प्लगला त्याने वायर जोडली आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

“आत थांबा की,” हेडमास्तर म्हणाले.

“नको. परत म्हनाल, बापानं सांगितलं.”

हेडमास्तरांनी पुस्तकातला एक उतारा वाचून दाखवला. रश्मी एकेक कळ दाबत होती, कळ दाबताना तिचे ओठ घट्ट मिटत. मधली सुट्टी होऊन गेली. दोन सर येऊन मागे उभे राहिले. उतारा संपल्यावरही ती थांबली नाही. खाली तिने आणखी एक ओळ लिहिली आणि यंत्र हेडमास्तरांकडे वळवलं.

‘सर, चुका असतील तर माझे मार्क कापा. पण चुका माझ्याच धरा.’

हेडमास्तरांनी ती ओळ मोठ्याने वाचली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि वरच्या उताऱ्यातल्या तीन चुकांचे मार्क खरोखरच कापले. रश्मी खुश होऊन हसली. सोमवारी वर्गातल्या भिंतीला प्लग बसला. सतरा नंबरच्या फॉर्मचा विषय पुन्हा निघाला नाही.

दहावीची परीक्षा मात्र तिला यंत्रावर देता आली नाही. बोर्डाने लेखनिक दिला. आठवीतली एक मुलगी रश्मी सांगेल ते लिहायला बसली, आणि तिने शब्द बदलला की रश्मी तिला पुन्हा खोडायला लावी. निकाल आला, सेकंड क्लास.

तोवर आसारामच्या पाट्या गेल्या होत्या. आधी मेडिकलची दुकानं, मग कापडवाले, मग हॉटेलं. मच्छिंद्रचं यंत्र दिवसभर चाले. रस्त्यात भेटला की तो मान हलवी, आसारामही हलवी. आसारामला आता भिंती मिळत, खेड्यापाड्यातल्या. मिळेल त्या भिंतीवर तो तसाच लिही, रेघ न आखता.

एका सकाळी सोनईला दूध केंद्राची भिंत लिहायची होती. रंगाचे डबे घेऊन तो निघाला. रश्मी दाराजवळ भिंतीला टेकून लिहीत बसली होती. तिथेच प्लग होता. पूर्वेचं ऊन दारातून थेट आत आलं आणि तो जुना पडदा कोरा दिसायला लागला.

“आण्णा, ऊन.”

त्याने डबे खाली ठेवले आणि उन्हाकडे पाठ करून दारात उभा राहिला. त्याची सावली तिच्या मांडीवर पडली, पडद्यावर ओळी पुन्हा दिसू लागल्या. ती लिहीत राहिली. रस्त्यावरून एस.टी. हॉर्न देत गेली.

“गाडी गेली का?” मान वर न करता तिने विचारलं.

“दुसरी येती की. तू लिव्ह.”

ऊन सरकलं, तसा तोही एक पाऊल सरकला.