सुधारित गम

रविवारी दुपारी आईच्या जहाजाची डोलकाठी तिसऱ्यांदा आडवी झाली. तेव्हा मी चहाचे कप घेऊन दारातच होते.

"मेला हा गम!" आई म्हणाली. "पूर्वी काठी मोडायची, पण सांधा सुटायचा नाही. आता काय पाणी भरतात बाटलीत?"

तीस वर्षं तिने नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर लाकडी जहाजं करायला घेतली. अकरा जहाजं कपाटात उभी होती, सगळी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या त्याच पांढऱ्या गमाने जोडलेली. बारावं काही केल्या उभं राहीना.

"गमाच्या नावाने किती खडे फोडशील?" मी म्हणाले. "हात बघ जरा. थरथरतोय."

"काही थरथरत नाहीये."

"आई, मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून बसते. मला कळतं."

"हो बाई, दातांची डॉक्टर तू." तिने उजवा हात उलटसुलट करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "हात गेला म्हणायचा मग."

मी नाही म्हटलं नाही. कप ठेवला आणि फोन बघत बसले.

सोमवारी दुपारी आई गेली. त्याच खुर्चीत, हृदय बंद पडून. समोर गमाची बाटली होती, झाकण घट्ट लावलेलं.

महिन्याभराने तिचं घर आवरताना मी डोलकाठी चिकटवायला बसले. माझ्या हाताला कंप नाही. असता तर दवाखान्याला केव्हाच कुलूप लागलं असतं. सांधा घासला, पुसला, गम लावला, दोऱ्याने बांधून दोन दिवस ठेवला. दोरा सोडला आणि काठी आडवी झाली. सांध्यावर सायीसारखा पापुद्रा उरला होता. तो नखाने अख्खा निघाला.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मग मी बाटली नीट वाचली. कोपऱ्यात लाल अक्षरं: 'आता सुधारित'. कपाटाच्या तळाशी आईची जुनी बाटली होती, आतला गम वाळून दगड झालेला. तिच्यावर ती अक्षरं नव्हती.

गेल्या वर्षी माझ्या दोन पेशंटच्या दातांवरच्या कॅप एकाच आठवड्यात निघून आल्या. दुसरी निघाली त्याच दिवशी मी विक्रेत्याला फैलावर घेतलं, कॅप चिकटवायच्या सिमेंटचा अख्खा खोका परत पाठवला. आपला हात गेला असेल, ही शंका मला चाटूनही गेली नव्हती.

मी बाटलीवरच्या नंबरला फोन लावला.

"तुमचा गम चिकटत नाही."

"मॅडम, नवीन फॉर्म्युला आहे," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "वास येत नाही, हाताला चिकटत नाही."

"लाकडालाही नाही."

"वापरणाऱ्याचं वय काय, मॅडम?"

"वयाचा काय संबंध?"

"फॉर्ममध्ये आहे. वयस्कर लोकांचे हात जरा..."

"बेचाळीस! आणि हात ठणठणीत आहेत, लिहा!" माझा आवाज इतका चढला की शेजारचं दार उघडलं. "किती म्हाताऱ्यांना हे ऐकवलंत आजवर?"

ती गडबडली. पत्ता विचारला. मी आईचा सांगितला.

"या पत्त्यावरून आधीच एक तक्रार आहे, मॅडम. पण ग्राहकाने ती मागे घेतली." तिने तारीख सांगितली. तोच सोमवार. "सकाळी दहा वाजता."

"का?"

"शेरा आहे. वाचू?"

"वाचा."

"'गम ठीक आहे. माझाच हात गेलाय. मुलगी डॉक्टर आहे, तिला कळतं.'"

बाटली माझ्या मुठीत आवळली गेली. गम बोटांवरून टेबलावर ओघळला. हाताला चिकटत नाही, हे मात्र खरं होतं.

"मॅडम? ऐकताय ना?"

"ती तक्रार परत उघडा."

"त्याला ग्राहकानेच फोन करावा लागतो."

"ती नाही करणार. ती गेली." मी श्वास घेतला. "लिहा. त्या बाईंचा हात शेवटपर्यंत चांगला होता. मुलीला काही कळत नव्हतं."

पलीकडे कीबोर्ड वाजेना. मी खुर्चीकडे वळले.

"ऐकलंस, आई?" मी मोठ्याने म्हणाले. "हात नव्हता गेला तुझा."